पार्किंगमधली हाक

ऑगस्टमध्ये दुकानासमोर गोळीबार झाला, तेव्हा मायसीला काही म्हणजे काही लागलं नाही. साधं खरचटलंसुद्धा नाही. पोलीस तेच म्हणाले, दुकानाचा मॅनेजर तेच म्हणाला, मायसीच्या आईच्या, युआच्या, कारखान्यातल्या बायकाही तेच म्हणाल्या. चर्चला जाणारी धाकटी जाऊ तर डोळे पुसत म्हणाली, "देवाने हात धरून बाजूला केलं गं आपल्या पोरीला!" युआ सगळ्यांना "हो ना, हो ना" म्हणायची. मग घरी यायची, तर सकाळी निघताना लेक सोफ्याच्या ज्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेली असायची, त्याच कोपऱ्यात तशीच बसलेली.

मायसी एकवीस वर्षांची. दिवसा कॉलेज करायची आणि संध्याकाळी, शिवाय शनिवार-रविवारी, घरापासून मैलभरावरच्या किराणा दुकानात काउंटर सांभाळायची. त्या शनिवारी भर दुपारी पार्किंगमध्ये दोन गाड्यांमधल्या माणसांची जुंपली, गोळ्या सुटल्या, आणि त्या भांडणाशी ज्याचा काडीचा संबंध नव्हता तो रॉडनी मेला. रॉडनी म्हणजे पार्किंगभर पसरलेल्या ट्रॉल्या गोळा करून आत आणणारा चोपन्न वर्षांचा माणूस. मायसीच्या काउंटरवरून काचेतून सगळं दिसत होतं.

दुकानाने तिला तीन आठवडे सुट्टी दिली आणि एका समुपदेशक बाईंशी फोनवर बोलायची सोय करून दिली. मायसी तीन वेळा बोलली. बाई चांगल्या होत्या, असं म्हणाली. सुट्टी संपल्यावर तिने नोकरी सोडली आणि मग कॉलेजही.

ऑक्टोबर उजाडला तरी घरात तेच. जेवायला तीनदा हाक मारावी तेव्हा मान वळणार. कोंबडीचं गरम सूप, मोहरीचा पाला, चिकट भात, शेजारी मिरचीचा ठेचा, लहानपणापासून ज्यावर ती तुटून पडायची ते सगळं समोर असायचं आणि ती भाताचे गोळे करून ताटाच्या कडेला मांडून ठेवायची. एकदा शेजाऱ्याने कचऱ्याचा डबा खडखडत रस्त्यापर्यंत ओढत नेला, तर ती स्वयंपाकघरात ओट्याखाली जाऊन बसली. युआने बाहेर ओढलं तेव्हा हसून म्हणाली, "चमचा पडला होता, आई." खाली चमचा नव्हता.

युआला काय झालंय ते कळायला समुपदेशक बाईंची गरज नव्हती. पोरीचा जीव जागेवर नव्हता. दचकला, अंगातून निसटला आणि त्या पार्किंगमध्येच कुठेतरी राहिला. ट्रॉल्यांच्या मध्ये, गाड्यांच्या चाकांपाशी. बिचारा घरची वाट शोधत असेल. असा जीव फार दिवस बाहेर राहिला की माणूस आजारी पडतं, आणि त्याहून जास्त राहिला तर... पुढचं युआ मनातसुद्धा म्हणत नव्हती. जिथे निसटला तिथे जाऊन त्याला नावाने हाक मारायची आणि घरी घेऊन यायचं. यात अवघड काही नव्हतं. अवघड होतं ते ठिकाण.

तिने चुएला, नवऱ्याला, सांगितलं. तो कामावरून येऊन बूट काढत होता.

"पार्किंगमध्ये?" चुए म्हणाला. "उदबत्त्या लावून? अगं, कोणीतरी पोलिसांना फोन करेल. नाहीतर व्हिडिओ काढतील आणि संध्याकाळपर्यंत कॅलिफोर्नियातला तुझा भाऊ विचारेल, ताई टीव्हीवर कशी दिसली!"

"दिसू दे."

"घरातच कर ना. दारात उभं राहून कर. जीवाला काय, मैलभर ऐकू येतं."

"मायसीचे बाबा, तुम्ही इथून आवाज दिला तर ती शेजारच्या खोलीतून येत नाही. मैलभरावरून येईल?"

चुएने दुसरा बूट काढला आणि बराच वेळ हातातच धरून ठेवला. "आपण इथे आलो कशाला मग?" तो म्हणाला. या गावात पोरं शिकतील, पोटभर खातील, रात्री कोणी दार ठोठावणार नाही, एवढ्यासाठी आले होते. पोरगी शिकली, जेवली आणि शनिवारी भर दुपारी तिने काचेतून माणूस मरताना पाहिला. आता यात कुठे काय चुकलं, ते युआ कारखान्यात सुई-टाका करताना दिवसभर शोधायची. नोकरी कर म्हणून आपणच मागे लागलो. कॉलेजच्या जवळ खोली घेते म्हणत होती, तिला नाही म्हटलं. घरातून जा-ये कर म्हटलं, घरीच सुरक्षित राहशील म्हटलं.

मायसीला विचारायला मात्र तिची जीभ रेटत नव्हती. कारण तिला स्वतःचं आठवत होतं. थायलंडमधल्या निर्वासितांच्या छावणीतून इथे सेंट पॉलला आली तेव्हा युआ एकोणीस वर्षांची होती. पहिल्याच हिवाळ्यात ती बसथांब्याजवळ बर्फावर जोरात आपटली आणि आठवडाभर तापाने फणफणली. तिच्या आईने भर चौकात, बसची वाट बघणाऱ्या दहा-बारा माणसांसमोर, अंडं आणि तांदूळ मांडून तिच्या जीवाला हाका मारल्या होत्या. युआ टोपी नाकापर्यंत ओढून रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली होती, ही बाई आपली कोणी नाही असं दाखवत. ताप उतरला. पण त्याबद्दल तिने आईला कधी एक शब्दही विचारला नाही.

शेवटी तिने कपड्यांच्या घड्या घालता घालता विषय काढला. मायसी ऐकत होती की नाही कोण जाणे.

"माणसं असतील तिथे," मायसी म्हणाली.

"रविवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊ. कोणी नसतं."

"आई, माझा यावर विश्वास आहे की नाही, मला माहीत नाही."

"तुला कोण विचारतंय? तू फक्त ये."

मायसीच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. एवढंही पुष्कळ होतं.

रविवारी सकाळी सात वाजता हवा बोचरी होती. फेलन तळ्यावरून धुकं येत होतं. चुएने गाडी दिली, पण स्वतः आला नाही. तो घरी थांबला, दार उघडायला. दोघी आत येताना दारातून कोणीतरी 'आली का?' असं विचारायला हवं, हा त्याचा वाटा.

ट्रॉल्या ठेवायचा लोखंडी कठडा पार्किंगच्या मधोमध होता. गाडीतून उतरल्यावर मायसी त्याच्या अलीकडे वीस पावलांवर थांबली. "तिथे," तिने हाताने दाखवलं आणि लगेच हात खिशात घातला. युआने पुढे जाऊन जमिनीवर वाडगा मांडला. वाडग्यात तांदूळ, तांदळावर उभं अंडं. शेजारी मायसीचं त्या दिवशी अंगात असलेलं निळं जाकीट. तिने तीन उदबत्त्या पेटवल्या. वाऱ्याने दोनदा विझल्या, तिसऱ्यांदा तिने पाठ करून आडोसा केला.

मग तिने हाका मारायला सुरुवात केली. आधी घशातच, लाजत. मग आवाज आपोआप सुटला.

"मायसी, ये गं, घरी ये. इथे थांबू नकोस, इथे थंडी आहे, इथे कोणी आपलं नाही. भात केलाय, अंडं आहे, तुझे बाबा दारात उभे आहेत. घाबरू नकोस, माणसं गेली, गाड्या गेल्या, आता कोणी नाही. गाडीच्या खाली असशील तर बाहेर ये, काचेमागे असशील तर बाहेर ये. ये गं बाळा, आईचा हात धर."

हाका मारून झाल्या की ती म्हशीच्या दुभागलेल्या शिंगाच्या दोन फाका हातात घेऊन जमिनीवर टाकायची. कशा पडतात त्यावरून जीव यायला तयार आहे की नाही ते कळतं. पहिल्यांदा नाही म्हणाल्या. दुसऱ्यांदा नाही. युआने पुन्हा हाका मारल्या, विनवण्या केल्या, रागावली. "इतकं काय अडलंय तुझं इथे? काय सोडवत नाहीये?" मागे मायसीने श्वास आत ओढल्याचं तिला ऐकू आलं. सहाव्यांदा फाका हव्या तशा पडल्या.

युआने जाकीट उचललं, त्याची हलक्या हाताने घडी घातली, जणू आत कोणी झोपलंय. "चल. आता घरी जाईपर्यंत मागे बघायचं नाही, आणि कोणाशी बोलायचं नाही. माझी आई सांगायची, अर्ध्या वाटेत बोललं की जीव बुजतो."

गाडीपाशी येऊन तिने मागचं दार उघडलं, जाकीट सीटवर ठेवलं आणि दार क्षणभर उघडंच धरून उभी राहिली. मायसीने विचारलं, "पट्टा लावायचा का तिला?" दोन महिन्यांत पोरीने केलेली पहिली थट्टा. युआने तोंड घट्ट मिटलं, कारण बोलायचं नव्हतं आणि हसायचंही नव्हतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. "ऐकता का? तुम्ही रॉडनीसाठी आला होतात?"

युआने मायसीचं कोपर पकडलं. पण मायसी तोवर वळली होती.

चाकांचा वॉकर ढकलत एक म्हातारी कठड्याकडून येत होती. ऐंशीच्या पुढची, पांढरा कोट, डोक्याला रुमाल. वॉकरच्या टोपलीत थर्मास. "मी त्याची आई," ती म्हणाली. "आर्व्हिला टोलेफसन. मी फुलं ठेवायचे, पण ते उचलून टाकतात. म्हणून आता नुसतीच येते. बसने. तुम्ही उदबत्त्या लावल्यात, ते पाहिलं."

"मागे फिर," युआ आपल्या भाषेत पुटपुटली. "मायसी. गाडीत बस."

मायसीने कोपर सोडवून घेतलं. अगदी हळू, जसं झोपलेल्या माणसाच्या हाताखालून आपला हात काढावा. ती म्हातारीपाशी गेली.

"मिसेस टोलेफसन, मी काउंटरवर होते. तीन नंबरच्या."

"मग तू ओळखायचीस त्याला."

"मी पाठवलं त्याला बाहेर," मायसी म्हणाली.

युआचं इंग्रजी कारखान्यापुरतं होतं, पण एवढं तिला कळलं. तिचा हात गाडीच्या दारावरच राहिला.

"त्याची सुट्टी चालू होती. जेवणाची सुट्टी. आत ट्रॉल्या संपल्या, गिऱ्हाईक ओरडत होतं. मी बेल वाजवली. खरं तर मला त्याची सुट्टी संपेपर्यंत थांबता आलं असतं. सहा-सात मिनिटं फक्त. मी थांबले नाही. तो म्हणाला, 'हो कॅप्टन', आणि गेला." मायसीचे दात वाजत होते. "पोलिसांना मी हे सांगितलं नाही. त्यांनी विचारलंच नाही. आईलापण नाही सांगितलं."

वॉकरच्या मुठीवर म्हातारीची बोटं उघडत-मिटत होती.

"काय खात होता?" तिने विचारलं.

"सँडविच. अंड्याचं."

"मी दिलेलं." ती थांबली. "संपवलं होतं?"

"अर्धं."

म्हातारीने मान हलवली, हिशेब लागल्यासारखी. मग तिचा चेहरा बदलला. "हे तू मला कशाला सांगितलंस?" ती म्हणाली. "मला तर वाटत होतं, तो असाच बाहेर होता. उन्हात. त्याला ऊन आवडायचं. आता मी रोज त्या अर्ध्या सँडविचपाशी जाऊन थांबणार. तू हलकी झालीस, मी काय करू?"

"मी... सॉरी," मायसी म्हणाली आणि तिथेच पार्किंगच्या जमिनीवर बसली.

म्हातारी वॉकर वळवून बसथांब्याकडे निघाली. चाक भेगेत अडकलं, ती ते सोडवायला वाकली आणि तिला सरळ होता येईना.

युआला काय करावं कळेना. मागचं दार उघडं होतं. ज्याला इतक्या विनवण्या करून बसवलं, तो जीव एव्हाना बुजून पळाला असेल, किंवा नसेल. लेक जमिनीवर होती. आणि समोर एक आई वाकलेली होती. युआ धावत गेली, भेगेतून चाक काढलं, म्हातारीला काखेत धरून उभं केलं. "तुम्ही बसा," ती तुटक इंग्रजीत म्हणाली. "गाडी. आम्ही सोडतो."

"नको."

"थंडी आहे. बसा." आवाज मायसीला जेवायला बोलवायचा तोच.

म्हातारी बसली. पुढची सीट युआने देऊ केली, पण वॉकर दुमडून ठेवायला तिथेच जागा होती, म्हणून ती मागे बसली, निळ्या जाकिटाच्या शेजारी. मायसी दुसऱ्या बाजूने येऊन बसली. मध्ये जाकीट. वळणावर म्हातारी "डावीकडे" म्हणायची.

लहानसं लाकडी घर होतं, पायऱ्यांवर पानं साचलेली. रॉडनी आईपाशीच राहायचा, हे युआला तेव्हा कळलं. पानं तोच झाडत असणार. युआने हात देऊन म्हातारीला दारापर्यंत नेलं. किल्ली फिरवता फिरवता म्हातारीने विचारलं, "तिथे काय म्हणत होतीस तू? एकच नाव सारखं."

मायसी खालच्या पायरीवर उभी होती. तिने समजावून सांगितलं. माझं नाव, माझा जीव तिथे राहिलाय असं आईला वाटतं, त्याला घरी बोलावत होती.

म्हातारी युआकडे वळली. "मग त्यालाही बोलव. रॉडनीला."

मायसीने भाषांतर करायच्या आधीच युआ एक पाऊल मागे सरली. तिने मान हलवली. "नाही. सांग त्यांना. गेलेल्याला घरी बोलवायचं नसतं. तो आला तर घरातल्यांना सोबत घेऊन जातो. गेलेल्याला वाट सांगायची असते. जिथे जिथे राहिला त्या प्रत्येक गावाचं नाव घेत उलटं जायचं, पार जन्मला तिथपर्यंत. मग पुढे त्याची माणसं भेटतात. आमच्यात ते जाणकार पुरुष म्हणतात, तासन्‌तास. मला येत नाही."

मायसीने सांगितलं. म्हातारी ऐकत राहिली.

"जिथे जिथे राहिला?" ती म्हणाली. "तो इथेच राहिला. याच घरात. जन्मला तो चार रस्ते पलीकडच्या इस्पितळात, ते आता पाडलंय. बस, एवढंच."

युआने मनात मोजलं. तिच्या वडिलांची वाट सांगायला एक अख्खा दिवस लागला होता. डोंगरातली पाच गावं, नदी, दोन छावण्या, तीन भाड्याची घरं. आणि हा एवढा मोठा माणूस, त्याची वाट चार रस्त्यांची.

"छोटी वाट," ती इंग्रजीत म्हणाली. "तो चुकणार नाही."

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं, मायसीकडे पाहिलं नाही, आणि दार लावून घेतलं.

घरी चुए खरंच दारात उभा होता. "आली का?" त्याने ठरल्याप्रमाणे मोठ्याने विचारलं.

"आली," युआने तितक्याच मोठ्याने उत्तर दिलं. ती खरं बोलली की खोटं, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. उरलेलं सगळं तिने यथासांग केलं. कोंबडी शिजवली, जीव परतला का ते बघायला तिचे पाय उलटसुलट करून पाहिले. एका पायाची नखं नीट जुळलेली, दुसऱ्याची वाकडी. चुएने भुवया उंचावून विचारलं, तर म्हणाली, "छान आहे सगळं." जीव पुन्हा निसटू नये म्हणून दोघांनी मायसीच्या मनगटाला पांढरे दोरे बांधले. मायसी जेवली, ताट पुसून जेवली, आणि मग इतकी रडली की चुए घाबरून अंगणात जाऊन उभा राहिला.

युआ तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. "मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाली असतीस, तुझी काही चूक नाही."

युआने तोंड उघडलं आणि मिटलं. ती अगदी तेच म्हणणार होती.

त्यानंतर मायसी बरी झाली असं म्हणता येणार नाही. दुकानात ती परत गेली नाही. ओट्याखाली मात्र पुन्हा बसली नाही. पुढच्या रविवारी सकाळी ती कपडे करून तयार झाली आणि म्हणाली, "मी दुकानाजवळच्या बसथांब्यावर जाते. त्या येतील."

"कशाला? त्यांना तुझं तोंड बघायचं नाहीये, पोरी."

"माहीत आहे."

युआला हे पसंत नव्हतं. ज्याची वाट कोणी सांगितली नाही, त्या माणसाच्या मागे लेकीने का फिरावं? पण तिने गाडीची किल्ली घेतली. तिने रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली आणि आत बसून राहिली, मायसी थांब्यावर. बस आली, दोन माणसं उतरली, म्हातारी नव्हती. त्याच्या पुढच्या रविवारीही नव्हती. त्या दिवशी परत येताना युआ म्हणाली, "आता पुरे."

तिसऱ्या रविवारी पहिला बर्फ भुरभुरत होता. बस थांबली, उतरायची फळी खाली आली, आणि आधी वॉकरची चाकं दिसली, मग पांढरा कोट. म्हातारीने मायसीला पाहिलं. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिने मान फिरवून बसचालकाकडे पाहिलं, जणू परत वर चढावं का असा विचार करत होती. पण तोवर फळी वर गेली होती आणि बस निघाली होती.

मायसी जागची हलली नाही. दोघींच्या मध्ये दहाएक हात अंतर, त्यावर बर्फ पडतोय. युआने गाडीची काच खाली केली, तरी तिला काही ऐकू आलं नाही. तिला फक्त दिसलं, म्हातारीने टोपलीतला थर्मास काढला आणि वॉकर सांभाळत तो पुढे धरला, ओझं कोणाच्या तरी हातात द्यावं तसा, चेहऱ्यावर काडीचंही प्रेम न आणता. मायसीने तो दोन्ही हातांनी घेतला. मग म्हातारी पार्किंगच्या दिशेने चालू लागली आणि मायसी तिच्या दोन पावलं मागून.